शिळी जखम

जिनिंगमध्ये पाळी सुटली की आम्ही सगळे म्हातारे होऊन बाहेर पडतो. रेच्यातून उडालेली रुई भुवयांवर बसते, मिशीवर बसते, कानाच्या केसांवर बसते. विशीतलं पोरगं सत्तरीचं दिसतं. एक मुकादम तेवढा तरुण राहतो, तो काचेच्या खोलीत असतो. मला रंगभूषेचा नाद लागला तो इथून. कुणी शिकवलं नाही, कुठला कोर्स केला नाही. हातपाय धुताना आरशात बघितलं आणि वाटलं, च्यायला, नाटकवाले हेच तर तासभर बसून करतात.

दोस्तहो, तुम्ही म्हणाल हे काय खूळ. अॅट्रॉसिटीच्या केसेस कोर्टात सडतायत, पोरं बेकार हिंडतायत, आणि हा बसलाय तोंडं रंगवत. माझ्या तोंडावर म्हणालेच आहेत काहीजण. पण आपण पथनाट्यं करतो. १४ एप्रिलला ट्रॅक्टरवर देखावे काढतो. चार वर्षांच्या लेकराला निळा कोट, गोल चष्मा घालून बाबासाहेब करतो. म्हंजे रंग आपणही लावतो. फक्त कोणता लावतो आणि कुणाला लावतो हे कुणी विचारत नाही.

आधी कापसाचं सांगतो, कारण तो माझ्या हातातला. आम्ही दाबतो ती एक गाठ १७० किलोच्या आसपास भरते. असल्या किती गाठी माझ्या हाताखालून गेल्या याचा हिशेब नाही. आणि मला ठाऊक नव्हतं की १९३१ च्या 'फ्रँकेन्स्टाईन' चित्रपटातल्या त्या राक्षसाचं कपाळ कापसाचं होतं. जॅक पीअर्स नावाचा ग्रीसमधून अमेरिकेत गेलेला माणूस. तो रोज तीन-चार तास बोरिस कार्लॉफच्या डोक्यावर कापसाचा थर द्यायचा, वर कोलोडिऑन लावायचा, पुन्हा कापूस, पुन्हा कोलोडिऑन. हे कोलोडिऑन म्हंजे काय, तर तेही कापूसच. कापसावर नायट्रिक आणि गंधकाच्या तेजाबाची क्रिया करायची आणि तो मद्यार्क अन् इथरमध्ये विरघळवायचा. त्वचेवर वाळला की पापुद्रा धरतो. कापसावर कापूस. त्याच्याही आधी, १९२३ साली, लॉन चेनीनं नोत्र दामचा कुबड्या केला तेव्हा गालांची उंची अशीच चढवली होती. चेनीचे आईबाप दोघेही बहिरे. लहानपणापासून तो घरात तोंडानं नाही, चेहऱ्यानं बोलला.

पीअर्सचं पुढं काय झालं तेही ऐका. चाळीसच्या दशकात फोम रबराचे तयार तुकडे आले. ते चिकटवले की काम झालं, तीन-चार तास लागत नाहीत. स्टुडिओनं पीअर्सला काढून टाकलं. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

डिक स्मिथ नावाच्या दुसऱ्या एका अमेरिकन माणसानं १९६५ साली पोरांसाठी एक पुस्तिका काढली, स्वयंपाकघरातल्या वस्तूंनी राक्षस कसे करायचे याची. हा काही लहान माणूस नव्हता. पुढं १९७३ च्या 'एक्झॉर्सिस्ट'मध्ये त्यानं चाळिशीतल्या मॅक्स फॉन सिडोला इतका म्हातारा केला की लोकांना तो नट खरंच तेवढ्या वयाचा वाटला. आणि तो स्वतःही पुस्तक वाचून, हात मारत मारत शिकलेला. मला धीर आला.

मग मी आमच्या चुलीकडं वळलो. मैदा आणि व्हॅसलिन मळलं की जखमेच्या कडा करता येतात. साखरेच्या घट्ट पाकात खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको टाकला की रक्त. कोको नसेल तर ते रक्त सरबतासारखं दिसतं, कारण खरं रक्त एवढं उजळ नसतंच. पांढऱ्या केसांना राख चालते, पण घाम आला की ओघळते, तिथं टाल्कम बरी. हळद आमच्याकडं पोत्यानं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. कावीळ झालेला, उपाशी, आजारी माणूस करायचा तर बोटभर हळद पुष्कळ झाली. पण भुवया साबणानं चिकटवून लपवायच्या असतील तर हळदीला त्या जागी हात लावू नये. साबण लागला की हळद लाल होते. चुन्यानं तर होतेच, कुंकू तसंच बनतं. ज्यांच्या कपाळावर ते पिढ्यान्‌पिढ्या बसलं त्यांना हे रसायन कुणी सांगितलं नसेल.

आता रंगाकडं येतो. खरं दुखणं तिथंय.

मोबाईलवर जखमा शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. त्यातला हात गोरा. त्याच्यावर जांभळा मुका मार लगेच उठून दिसतो. तोच रंग माझ्या हातावर लावला तर काही दिसत नाही. आमच्या कातडीवर मुका मार जांभळा नाही दिसत. काळपट दिसतो, त्याला तपकिरी कड असते, आणि सुजेची चमक जास्त बोलते. हे मला कुणाच्या व्हिडिओत सापडलं नाही, गाठीखाली बोट आलेल्या एका सोबत्याच्या हातावर सापडलं. दुकानात गेलो तर फाउंडेशनच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. पहिल्या आठ-दहा बाटल्या गोऱ्यांच्या, शेवटची एक सगळ्या उरलेल्यांची. मी गेरू आणि पिवडी खलून, व्हॅसलिनमध्ये कालवून माझा रंग मी केला. तीन डब्या आहेत माझ्याकडं. एक माझी, एक बहिणीची, एक मायची. तिघं एका घरातले, तीन रंगांचे.

हे सांगायचं कारण असं. एका हौशी नाटकाच्या तालमीला मला बोलावलं होतं. फुकट, चहावर. संस्थेचं नाव नको. नाटकात एक आपला माणूस होता. दिग्दर्शक म्हणाले, "याला जरा काळा कर."

मी म्हणालो, "का सर?"

"दलित आहे ना तो. लोकांना कळलं पाहिजे."

नट माझ्यासमोर बसलेला. तो कुठल्या जातीचा ते मला माहीत होतं, दिग्दर्शकांना नव्हतं. आपलाच होता, आणि गोरापान. त्याला काळा केल्यावर तो आपला दिसणार होता. मी ब्रश धुतला आणि म्हणालो, "सर, कळायचं असेल तर संवादात कळू द्या. माझ्या डबीत जातीचा रंग नाही." त्या संस्थेकडून पुन्हा चहा आला नाही.

हे एकट्या त्या दिग्दर्शकाचं नाही. हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला बघत मोठे झालो आम्ही. देव गुलाबी नाहीतर निळे, राक्षस काळे. ते कुणी ठरवलं हे विचारायचं वय नव्हतं. हिंदी सिनेमातही तेच. २०१९ साली 'सुपर ३०'मध्ये गरीब घरचा मास्तर दाखवायचा म्हणून हृतिक रोशनला काळवंडून घेतलं. त्याच वर्षी 'बाला'त काळ्या मुलीची गोष्ट सांगायला गोऱ्या नटीला काळी केली. मुळात काळी असलेली नटी या देशात मिळाली नाही म्हणे. म्हंजे आमचा रंग चालतो, पण तो त्यांच्या अंगावर, संध्याकाळी धुता येईल असा.

म्हणून मला नांदेडच्या दत्ता भगतांचं 'वाटा-पळवाटा' जवळचं वाटतं. त्यातला आपला माणूस प्राध्यापक आहे, घरात बसून वाद घालतो. त्याला काळा करायला जागा नाही आणि जखम करायलाही जागा नाही. रंगभूषाकाराला जवळजवळ कामच नाही. काम नसणं हेही कधीकधी बरं असतं.

बाबासाहेबांचा चेहरा मात्र सगळ्यात अवघड. केस मागं नेता येतात, चष्मा मिळतो, गाल भरता येतात. पण रंग? आपण वाढलो ते सगळे फोटो काळे-पांढरे. कॅलेंडरवाल्यांनी त्यात गुलाबी भरला, पुतळेवाल्यांनी सोनेरी. जब्बार पटेलांच्या सिनेमात मामुट्टींनी बाबासाहेब केले आणि राष्ट्रीय पुरस्कार घेतला, केरळचा माणूस, तरी मान वळवली की पोटात हलायचं. मी देखाव्याच्या पोराला काय लावतो सांगू? काही नाही. नुसती पावडर, घाम टिपायला. ज्या रंगाचं पोरगं असेल त्या रंगाचे बाबासाहेब. एका वर्षी काळं कुळकुळीत पोरगं होतं, त्याची माय म्हणाली, "दादा, थोडं उजळ करा की, बाबासाहेब हायेत." मी म्हणालो, माय, राहू दे. ती गप्प झाली, पण पटलं नाही तिला. हे आपल्या घरातलं आहे, ते बाहेरच्यांवर ढकलता येत नाही.

आता नाटकाचं. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, कळमनुरीत आमच्या पोरांनी पथनाट्य धरलं होतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. वस्त्या जळाल्या. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती, वेगळा जिल्हा १९९९ ला झाला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेब यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तोही नामांतराऐवजी नामविस्तार म्हणून. त्याच्या दीडेक महिना आधी, २५ नोव्हेंबर १९९३ ला, गौतम वाघमारेंनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं होतं. तुम्हाला हे पाठ आहे. आमच्या गटातल्या निम्म्या पोरांचा जन्म २००० नंतरचा, त्यांनाही पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं.

पोरांना पोचिराम रक्तानं भिजलेला पाहिजे होता. पिशवीतून रक्त उडालं पाहिजे, हात तुटलेला दिसला पाहिजे. "लोक हादरले पाहिजेत," असं त्यांचं म्हणणं. मला सगळं जमत होतं. पिशवी भरून ठेवली होती. पण पथनाट्यात प्रेक्षक तीन फुटांवर उभा असतो, भर उजेडात. लांबच्या रंगमंचावर दिव्यांचा आडोसा असतो. लाल दिव्याखाली लाल रंग बुजतो, निळ्याखाली काळा पडतो, त्याच्यावर पुष्कळ लपतं. चौकात काही लपत नाही. पहिला विचार लोकांच्या मनात येतो, कसं केलं रे हे? मग मोबाईल निघतात. एका गावी आम्ही असं रक्त उडवलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मारणाऱ्याच्या वाराला टाळी पडली. ती टाळी माझ्या कामाला होती हे मला कळत होतं, तरी अंगावर काटा आला.

तालीम आमच्या मावशीच्या ओसरीत चालायची. सख्खी नाही, वस्तीतली. नाव नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही. गावही नाही लिहीत. १९७८ ला ती अकरा-बारा वर्षांची होती आणि घर पेटलं तेव्हा आत होती. डावा हात कोपरापासून खांद्यापर्यंत आणि मानेची एक बाजू. लहानपणापासून आम्ही ते बघत आलो, म्हंजे बघत नव्हतो.

मी एका पोरीच्या हातावर भाजल्याची जखम करत होतो. लाल, फोड आलेली, ओली. मावशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "काय करायलास रे?"

"भाजलेलं करायलो, मावशी."

"किती दिसाचं?"

मला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "लाल तर आठ-पंधरा दिस ऱ्हातंय. फुडचं कोन करनार? इकडं ये. हे बघ."

आणि तिनं पदर काढून हात माझ्यापुढं धरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तो हात नीट पाहिला. कातडी चकचकीत, ताणलेली, तरी मधून दोऱ्या ओढल्यासारख्या गाठी. केस एकही नाही. मध्ये फिकट, जवळजवळ पांढरी, कडेला आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळी. कोपर पूर्ण सरळ होत नाही, कातडी ओढून धरते. उन्हात निंदायला गेलं की सगळं अंग घामानं भिजतं, तेवढी जागा कोरडी. घामच येत नाही तिथं. "आन् थंडीत खाजतंय," म्हणाली. "रातच्याला उठून बसावं लागतंय."

मी वही आणली आणि लिहून घेतलं. इतक्या व्हिडिओंत, इतक्या सिनेमांत हे कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं. सगळे ताजी जखम करतात. ताजी जखम म्हंजे ती रात्र. शिळी जखम म्हंजे त्यानंतरचं सगळं, लग्न, मजुरी, बाळंतपणं, रेशनची रांग. आपली नाटकं त्या रात्रीपाशी संपतात. आणि जिच्यावर ती रात्र आली ती माणसं समोर सतरंजीवर बसलेली असतात.

चार-पाच संध्याकाळी गेल्या. जिनिंगमधली रुई बोटांनी पातळ पसरायची, अगदी कोळ्याच्या जाळ्याएवढी. हातावर आधी व्हॅसलिनचा बारीक हात, नाहीतर काढताना केस उपटतात. मग पातळ रबर, लेटेक्स, त्यावर रुई, परत लेटेक्स. एक दिवस आधी ते कोपराच्या आत थेंबभर लावून बघायचं, काहींच्या अंगावर पुरळ येतं. अर्धवट वाळलं की काडीनं ओढून गाठी पाडायच्या. फिकट रंग मध्ये, काळपट कडेला. चकाकी येईना. व्हॅसलिन लावलं तर ओलं दिसायचं. शेवटी अंड्यातलं पांढरं पातळ लावून वाळवलं, ते वाळताना ताणतंही आणि चमकतंही. मावशी रोज बघायची आणि नापास करायची. "लई गुळगुळीत." "हे महारोग्यावानी दिसतंय." पाचव्या दिवशी काही बोलली नाही. आपल्या हातावरून हात फिरवला, मग पोरीच्या.

पुढचं मी गटात सांगितलं तेव्हा भांडण झालं. इथंही होईल, होऊ द्या.

मावशीच्या नातीचं लग्न होतं. चार दिवस आधी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे उलटं बी येतंय का तुला?"

म्हंजे झाकता येतं का.

मी केलं. काळपट कडेवर आधी नारिंगी, पांढऱ्यावर तिच्या रंगाची डबी, वर पावडर थापून थापून. रंग झाकता येतो. उंची झाकता येत नाही, बाजूनं उजेड आला की गाठींच्या सावल्या पडतात. म्हणून फोटोवाल्याला सांगितलं की बाई, समोरून दिवा धर. बाई नव्हे, बाप्पा होता तो. मावशी लग्नात बिनबाह्यांच्या नाही, पण आखूड बाह्यांच्या पोलक्यात उभी राहिली. पदर मानेवरून घेतला नाही. तिच्या आयुष्यातला तसा पहिला फोटो. दुसऱ्या दिवशीही तिनं ते धुतलं नाही.

आमचे कार्यकर्ते म्हणाले, हा पुरावा आहे, हा आपला इतिहास आहे, तू तो पुसलास. एक तर म्हणाला, मावशीनं अभिमानानं मिरवायला पाहिजे. मी विचारलं, तू मिरवतोस का काही? इतिहास तिच्या हातावर ठेवून आपण मोकळे झालो का? ठराव विधिमंडळात झाला, दंगल रस्त्यावर झाली, आणि त्याचं रजिस्टर एका बाईच्या कातडीवर कायम उघडं राहिलं पाहिजे, लग्नातसुद्धा? हात तिचा आहे. झाकायचा तर ती झाकील, दाखवायचा तर ती दाखवील. मला तिनं आधी दाखवला होता हे विसरू नका. अजूनही दोघंजण माझ्याशी नीट बोलत नाहीत.

नाटकात आम्ही रक्ताची पिशवी काढून टाकली. पोचिरामांना मारतात तेव्हा सगळे नट पाठमोरे उभे राहतात, फक्त हलगी वाजते आणि थांबते. मग शेवटी ती पोरगी पुढं येते. वीस वर्षांची पोरगी, केसांना पावडर, आणि हातावर मावशीचा हात. ती काही बोलत नाही. पदर सरकवते आणि भाकरी थापायला बसते. कोपर सरळ होत नाही तिचं, ते तिनं मावशीकडून बघून बघून उचललं होतं. बस, एवढंच. टाळी पडली नाही. मोबाईल एक-दोन निघाले होते, ते खाली गेले.

नंतर आम्ही चौकातच सामान आवरत होतो. मी पोरीच्या हातावरचं लेटेक्स कडेनं सोडवायला घेतलं होतं, तेवढ्यात आखाडा बाळापूरकडचे एक म्हातारे बाबा काठी टेकत आले. मला बाजूला केलं. पोरीचा हात हातात घेतला.

"कोन्या गावची गं तू बाई?"

पोरगी म्हणाली, "इथलीच, बाबा. कळमनुरीची."

बाबांनी मान हलवली. हाताकडं बघत राहिले. मी म्हणणार होतो की बाबा, हे खोटं आहे, रुईचं आहे. पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि मी गप्प बसलो.

"थंडीचं एरंडेल लावत जा," बाबा म्हणाले. "खाज कमी होती."

पोरगी म्हणाली, "हाव बाबा. लावते."